व्होल्कर-६२, डाव्या हाताचं

पाचशे ग्रॅमच्या त्या वजनाच्या हुकाला आतल्या बाजूने जवळजवळ दोन मिलिमीटर लांबीची खाच पडली होती. नुसत्या डोळ्यांना ती सावलीसारखी दिसे. भिंगाखाली धरल्यावर कळलं, की धातू कापला गेलेला नाही, झिजला आहे. एकाच जागी, एकाच दिशेने, हजारो वेळा घासून. मी वजन तराजूवर ठेवलं, काचेचं दार लावलं आणि आकडे स्थिर व्हायची वाट पाहिली. ४९९.७१. दहा वेळा घेतलं, तेवढंच.

हे वजन कतारमधल्या एका नेमबाजीच्या क्लबकडून आमच्या लॅबमध्ये आलं होतं. स्पर्धेआधी पिस्तुलाची नळी आकाशाकडे करून उभी धरतात, चापाला हे वजन अडकवतात आणि हळूच वर उचलतात. वजन उचललं गेलं तर पिस्तूल चालतं, चाप आधीच सुटला तर चालत नाही. वजनच पाचशेला कमी भरत असेल, तर एखादं हलक्या चापाचं पिस्तूल उगाच पास होऊन जाईल. आम्ही लॅबमध्ये काही दुरुस्त करत नाही. वस्तू किती आहे एवढंच सांगतो आणि खाली सही करतो. वजनांच्या विभागात ती सही माझी असते.

वजन परत द्यायला मी स्वतःच गेले, कारण माझी मुलगी ईरा त्याच क्लबमध्ये सराव करते आणि मंगळवारी तिला आणायची पाळी माझी असते. तारीख होती अठरा नोव्हेंबर. शस्त्रागार सांभाळणाऱ्या रेहानभाईंनी पोचपावतीसाठी मोठं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. डाव्या पानावर क्लबमध्ये ठेवलेल्या पिस्तुलांची वार्षिक तपासणी होती, उजव्या पानावर मी सही केली.

डाव्या पानावरची ती एक ओळ मी त्या दिवशी वाचली होती का, हा प्रश्न मला पाच महिन्यांनी पडला. तोपर्यंत मला वाटत होतं, की नाही.

आम्ही ज्याच्या शोधात होतो ते पिस्तूल म्हणजे व्होल्कर-६२. दहा मीटर स्पर्धेचं हवेचं पिस्तूल, बाजूची दांडी ओढून हवा भरायची जुनी पद्धत, आखूड नळी, आणि मूठ डाव्या हाताची. ईरा डावखुरी आहे आणि तिचा हात लहान आहे. गेले दोन उन्हाळे ती पुण्यात गोविंदरावांकडे शिकली. त्यांच्याकडे डाव्या हाताचं एकच व्होल्कर आहे. त्यावर ईराचे सहाशेपैकी पाचशे एकसष्ट गुण आले होते. इथल्या नव्या पिस्तुलावर ती पाचशे पंचेचाळीसच्या पुढे जात नाही. गेल्या जुलैत गोविंदराव मला म्हणाले, "पोरगी घ्यायला मी तयार आहे. दहावी झाली की पाठवा. पण पिस्तूल तिचं तिने आणायचं. माझ्याकडच्यावर आता दुसरी मुलगी खेळते, तिच्या हातातून मी काढून घेणार नाही."

व्होल्करचा कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली. उरली असतील ती हौशी लोकांच्या कपाटांत.

दिवाळीत फराळ करता करता माझ्या नवऱ्याने, पियूषने निकाल दिला. "पिस्तूल मिळालं की ईरा आणि तू पुण्याला. नाही मिळालं तर दोन वर्षं इथंच, मग बघू." पियूष इथे वेस्ट बेला एका गॅस कंपनीत आहे. त्याची बहीण जयमालाताई पुण्यात बाणेरला राहतात, गोविंदरावांच्या रेंजपासून दहा मिनिटांवर. त्या दोनदा म्हणाल्या होत्या, की पोरीला माझ्याकडे ठेवा. त्यावर पियूष हसून म्हणाला होता, "आई धडधाकट असताना आत्याकडे कशाला?" मीही हसले होते.

त्यात त्याचं काही चुकलं असं नाही. बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीत असंच चालतं. मूल दहावी झालं की आई त्याला घेऊन परत जाते, आणि बाबा इथे दोघातिघांत मिळून फ्लॅट घेतात. सरोज नाशिकला गेली. तिसऱ्या मजल्यावरची ठाण्याला गेली. कोणी ठरवत नाही, तारीख तेवढी ठरते. खालची नुपूर जिन्यात भेटली की विचारायची, "तुझं कधी गं? ओव्हन मला देशील ना? आधीच सांगून ठेवते, नाहीतर सरोजचा मिक्सर गेला तसं होईल."

"पिस्तूल मिळू दे आधी," मी म्हणायचे.

"मिळालं तर देव पावला म्हणायचा. आमच्याकडे वधू-वर शोधतात, तुम्ही पिस्तूल शोधताय."

शोध माझ्याकडे आला, कारण घरात तक्ते मीच करते. एम.एस्सी. फिजिक्स करून मी लग्नानंतर इथे आले आणि अकरा वर्षं पियूषच्या व्हिसावर घरी होते. सहा वर्षांपूर्वी लॅबमध्ये लागले. आधी नुसते आकडे उतरवून घ्यायची. मग तराजू माझ्याकडे आले, मग सही. सकाळी सातला मी वजनांच्या खोलीत जाते, तेव्हा तिथे वीस अंश असतं आणि कोणी बोलत नसतं. एक मिलिग्रॅमचं वजन चिमट्याने उचलताना मी श्वास धरते. तो दिवसातला मला सर्वांत आवडणारा क्षण आहे. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. विचारलंही नव्हतं कोणी.

तक्त्यात एकोणीस ओळी झाल्या. जर्मनीतल्या एका निवृत्त पोस्टमास्तरकडे व्होल्कर होतं. त्याने चार महिने पत्रव्यवहार केला, फोटो पाठवले, आणि शेवटी कळलं, की मूठ डाव्या हाताची असली तरी दांडी उजव्या बाजूला आहे. मूठ कोणीतरी नंतर बसवलेली. इटलीतल्या बाईकडचं लांब नळीचं निघालं. शारजातल्या दुकानदाराने "आहे, इन्शाल्ला" असं तीनदा लिहिलं आणि चौथ्यांदा त्याच किमतीत दुर्बीण घेता का विचारलं. जर्मनीतलाच आणखी एक जण म्हणे, डाव्या हाताच्या पिस्तुलांचे क्रमांक सातपासून सुरू होतात. दुसरा म्हणे, तसं काही नाही, तो गृहस्थ काहीही सांगतो. त्या दोघांचं एका संकेतस्थळावर भांडण झालं आणि दोघांनीही मला वेगवेगळं लिहून कळवलं, की दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका.

चेक प्रजासत्ताकातलं एक जवळजवळ सगळ्याच बाबतींत बसत होतं. मी त्यांना चाप तपासल्याचा दाखला मागितला. त्यांनी पाठवला. मी दाखल्यातल्या वजनाचा दाखला मागितला. त्यानंतर त्यांचं उत्तर आलं नाही.

"ज्ञानू, तू पिस्तूल शोधतेयस की जावई?" पियूष म्हणाला.

"खात्री नको का करायला?"

"खात्री कर ना. पण समोरच्याला तपासनीस आल्यासारखं वाटतं. पळून जातात लोक."

मला त्याचं म्हणणं खोडता आलं नाही, पण कुठे चुकतंय तेही सापडेना. दाखला मागणं योग्यच होतं. प्रत्येक वेळी, प्रत्येक ओळीत, माझं कारण योग्यच होतं. सगळी कारणं योग्य असताना एकोणीसही ओळी लाल कशा झाल्या, ते मात्र कळत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी पियूष ईराला क्लबमधून घेऊन आला तो दारातूनच बोलत. "काखेत कळसा न् गावाला वळसा. अगं, आहे. इथंच आहे."

"काय?"

"व्होल्कर. डाव्या हाताचं. आपल्याच क्लबच्या शस्त्रागारात, मागच्या कपाटात. मी सहज रेहानभाईंना म्हटलं, की आमची मंडळी अख्खा युरोप पालथा घालतायत. तर ते म्हणाले, वो तो रबिया मॅडम का पडा है ना, सोला साल से. रजिस्टर उघडून दाखवलं मला. चारशे अकरा क्रमांक."

ईरा बूट काढत खाली बसली होती. "बाबा ऑलमोस्ट हग्ड रेहान अंकल," ती म्हणाली. "इट वॉज सो एम्बॅरसिंग."

मी हातातली पोळी तव्यावर टाकली. चारशे अकरा. हा आकडा मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. कुठे ऐकला ते आठवेना. ऐकला नव्हता, पाहिला होता. पोळीला डाग पडले तरी मी ती उलटली नाही.

पियूषने तेवढ्यात फोन लावलाही होता. रबिया मॅडम मदिनत अश शमालला राहतात, कतारच्या अगदी उत्तरेला, तिथे त्यांचं वह्या-पुस्तकांचं लहान दुकान आहे. तो हिंदीत बोलत होता. मध्येच फोन बाजूला करून मला म्हणाला, "पत्ता लिहून घे गं जरा." तर फोनमधून आवाज आला, "सांगते. लिवून घ्या." बाई दापोलीच्या निघाल्या.

शुक्रवारी जायचं ठरलं.

मंगळवारी लॅबमध्ये गेल्यावर मी आधी माझी नोंदवही काढली. आमच्याकडे नोंदवहीचा नियम कडक आहे. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी आद्याक्षर करायचं. मी सहा वर्षांत हा नियम मोडलेला नाही. अठरा नोव्हेंबरच्या पानावर दहा वेळा ४९९.७१ होतं. त्याखाली, माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत:

क्लब रजि. व्हो-६२, डावे, ४११. क्रमांक जुळत नाही. सोडून द्यावे.

शेजारी माझं आद्याक्षर.

मी ते तीन-चारदा वाचलं. म्हणजे मी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, परत येऊन लिहिलं होतं, विचार करून निकाल दिला होता, आणि मग विसरले होते. मला वाटलं, ठीक आहे, कारण तर दिलेलं आहे. डाव्या हाताचे क्रमांक सातपासून सुरू होतात असं त्या माणसाने कळवलं होतं, आणि हा चारचा. म्हणून सोडला. कारण योग्यच होतं.

मग मी त्या माणसाचं पत्र शोधलं. त्यावर तारीख होती दोन डिसेंबर.

मी नोंद केल्यानंतर चौदा दिवसांनी.

अठरा नोव्हेंबरला माझ्याकडे क्रमांकांबद्दल कसलीच माहिती नव्हती. ४११ हा क्रमांक कशाशी जुळत नव्हता? जुळवायला समोर काही नव्हतंच. दुसऱ्या कोणाच्या वहीत असं दिसलं असतं, तर मी लाल गोल करून विचारलं असतं, हे कशावरून? आता विचारायचं कोणाला, हेच समजेना. ते अक्षर माझं होतं, पण ते वाक्य लिहिणारी बाई मला ओळखू येत नव्हती.

पियूषला इथे सोडून मला जायचं नव्हतं, की ईराला पाठवायचं नव्हतं? की मला खरंच क्रमांकाची शंका आली होती, आणि माणसाला कधीकधी माहितीच्या आधी शंका येते? हा तिसरा पर्याय मला सगळ्यांत बरा वाटला. म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. उत्तरेचा रस्ता सरळ आहे. पियूष खुशीत होता. दहा जूनची तिकिटं, जयमालाताईंच्या सोसायटीत रिकामा असलेला फ्लॅट, माझा नोटीस पीरियड, असं सगळं एका दमात मांडत होता. "एक महिन्याची नोटीस ना तुझी? म्हणजे पुढच्या आठवड्यात द्यायला हवी. नाहीतर तुझे ते मॅनेजर रडतील."

"मी ते नोव्हेंबरातच पाहिलं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पिस्तूल. रजिस्टरमध्ये. वहीत लिहिलंयसुद्धा मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. शोधतेय."

त्याने पुढची एक गाडी मागे टाकली. मग तो म्हणाला, "जाऊ दे. राहिलं असेल. तू काय मशीन आहेस का? शेवटी मिळालं ना, खलास."

मागच्या सीटवर ईराने कानातले इअरफोन काढले होते. तिने ते कधी काढले, मी पाहिलं नाही. "आई," ती म्हणाली, "यू डोन्ट वाँट मी टू गो?"

"तसं नाही. तू जावंस असंच मला वाटतं."

"शुअर?"

"शंभर टक्के."

मी टक्केवारीत सहसा शंभर म्हणत नाही. पण हे उत्तर विचार न करता आलं होतं, आणि त्यात कुठेही हलणारा आकडा नव्हता. ईराने गोविंदरावांकडे जावं, पाचशे एकसष्टच्या पुढे जावं, हे मला हवं होतं. मग गेले पाच महिने काय हलत होतं? मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. सपाट, फिकट जमीन, आणि मधूनच एखादं कुंपण.

रबियाबाईंचं घर दुकानाच्या मागेच होतं. साठीच्या असाव्यात. डोक्यावर ओढणी, चष्मा, आणि डाव्या मनगटात घड्याळाऐवजी पट्टा. गुडघा दुखतो म्हणून आता रेंजवर उभं राहवत नाही, असं त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"या गो बाय. कोण गावचे तुम्ही?"

"पुण्याचे," पियूष म्हणाला.

"पुण्याचे. म्हंजे चा कमी देवून चालेल." त्या हसल्या आणि किटली पुढे सरकवली. मग ईराला म्हणाल्या, "हात बघू तुझा. तो नाय, खेळायचा."

ईराने डावा हात पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, बोटं मोजावीत तशी दाबून पाहिली, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा शोधला. "बसेल," त्या म्हणाल्या. "माझाबी येवढाच व्हता. मूठ बदलू नको त्याची. लोक सांगतील लाकूड घास म्हणून. घासायचं नाय. हाताला सवय लाव."

"चारशे अकरा क्रमांक आहे ना त्याचा?" मी विचारलं. "डाव्या हाताचे सातपासून सुरू होतात म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जर्मनीतले एक."

"त्याला सांग, माझ्याकडं ये चा प्यायला." त्यांनी कपाटातून कारखान्याचा मूळ कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर ४११, आखूड नळी, डावी मूठ, डावी दांडी, सगळं छापलेलं होतं, आणि खाली गोल शिक्का. मी कागद उजेडाकडे धरला. मग खाली ठेवला. विचारायला काही उरलं नव्हतं.

पियूष माझ्याकडे पाहत होता. मी मान हलवली.

"मग फारम आणलाय रेहानने दिलेला?" रबियाबाई म्हणाल्या. "पैशाचं मागनं बघू. मला ते कपाटात पडलेलं बघवत नाय. खेळणारीच्या हातात जावं." त्यांनी डाव्या हाताने सही केली, हळू, एकेक अक्षर काढत. मग मला म्हणाल्या, "तूच जातेस ना संगती?"

"हो, तीच जाणार," पियूष म्हणाला.

"मला पण धाडीत व्हते," त्या म्हणाल्या. "आमचे हे म्हणाले, पोरांना घेवून दापोलीला जा, शाळा चांगली हाय. तवा मी क्लबात शिकवायची बायकांना. नाय गेले मी."

"मग मुलं?" मी विचारलं.

"पोरं गेली. माझ्या आईकडं वाढली."

पियूषने कप खाली ठेवला. "मुलं एकटीच?"

"एकटी कशी? आई व्हती ना माझी. दोघं व्हते." त्यांनी बशीतली बिस्किटं ईराकडे सरकवली. "धाकटा रोज फोन करतो. थोरला ईदेला करतो."

"तुम्हाला काय वाटतं, बरोबर केलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं. मी अनोळखी माणसांना असं काही विचारत नाही.

"मला काय ठावं गो. रोज फोन येतो तवा वाटतं बरोबर. ईदेला वाटतं चुकलं." त्या उठल्या आणि गुडघा धरत आत गेल्या, पेन्सिलीने खुणा केलेलं त्यांचं जुनं टार्गेट ईराला दाखवायला. ईरा त्यांच्या मागे गेली. आतून दोघींचा आवाज येत होता. रबियाबाई मराठीत विचारत होत्या, ईरा इंग्रजीत उत्तरं देत होती, आणि कोणाचंच अडत नव्हतं.

आई व्हती ना माझी. पोरं गेली, मी नाही गेले. त्यांनी ही दोन वाक्यं वेगवेगळी उच्चारली होती. मी इतके महिने ती एकच धरली होती. ईराचं जाणं आणि माझं जाणं. आमच्या इमारतीत सगळेच ती एक धरतात, म्हणून मीही धरली. प्रयोगात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही. हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकले होते, आणि लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शिकवते. एका गोष्टीला माझं उत्तर हो होतं आणि दुसरीला नाही, आणि दोन्ही मिळून मी एकोणीस पिस्तुलं नाकारली होती, विसावं विसरले होते.

पण वेगळं करून झाल्यावर बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. वजनांची खोली आवडते, हे काय कारण झालं? पंधरा वर्षांच्या मुलीसमोर ठेवण्याजोगं? मला तिथे वीस अंशांत श्वास धरायला आवडतं, म्हणून तू आत्याकडे राहा. ते मनात मांडून पाहिलं, तर फारच हलकं भरत होतं. आणि तरी ते जागचं हलत नव्हतं. मी दुसऱ्यांदा मांडलं, तिसऱ्यांदा मांडलं. तेवढंच.

पियूषने अर्ज पुढे ओढला होता. तो कंपनीतले अर्ज भरतो तसा, मोठ्या अक्षरांत, रकान्याबाहेर न जाता भरत होता. खेळाडूचं नाव, वय, पासपोर्ट. शस्त्राचा प्रकार, क्रमांक. तो मध्येच हसला. "बघ, चारशे अकरा. जुळला एकदाचा."

ईरा आणि रबियाबाई बाहेर आल्या. ईराच्या हातात पिवळं पडलेलं एक टार्गेट होतं. मधलं काळं वर्तुळ छर्‍यांनी जवळजवळ खाऊन टाकलेलं. "आई, लूक," ती म्हणाली. "नऊ वेळा दहा आहेत यात. नऊ." इतकं सलग मराठी ती आनंदात असली की बोलते.

"छान आहे," मी म्हणाले.

"तुझा पासपोर्ट नंबर सांग," पियूष म्हणाला. "शेवटचा रकाना. अल्पवयीन खेळाडूसोबत शस्त्र नेणारी प्रौढ व्यक्ती." त्याने लिहायला सुरुवात केली होती. ज्ञा काढून झाला होता, आणि पेन त्यापुढच्या अक्षराकडे वळत होतं.

"पियूष, थांब. तिथे माझं नाव लिहू नकोस."

"का? आता काय राहिलं?"

"काही राहिलेलं नाही. पिस्तूल बरोबर आहे. ईरा जाईल. तू तिला घेऊन जा आणि जयमालाताईंकडे सोडून ये." माझा आवाज लॅबमध्ये आकडे वाचून दाखवते तसा येत होता, आणि मी तो तसाच राहू दिला. "मी पुण्याला जाणार नाही. मी इथेच राहणार आहे."